कप्तान ब्रुनेला समुद्राला कधी पोचणार

गोर्नो ब्रेस्तोवो,
११ फेब्रुवारी

चि. वेलिच्का हिस,
स्टांकाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. पत्रास कारण की, मला एका पाणमांजराचा वीट आला आहे.

थट्टा नाही. माझी राडोस्तिना कामासाठी जर्मनीला गेली तेव्हा तिने आपल्या लेकीला, बिल्यानाला, ‘नदीवरची कप्तान ब्रुनेला’ या मालिकेचं पहिलं पुस्तक देऊन ठेवलं होतं. ही ब्रुनेला म्हणजे टोपी घातलेलं पाणमांजर. बोट चालवते, बदकं आणि उंदीर यांना बसवून समुद्र शोधत निघते, आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी नदीला एक नवं वळण लागतं. राडोस्तिना तिकडून तुमच्या प्लोवदिवच्या दुकानाला कळवते आणि दर दोनेक महिन्यांनी नवं पुस्तक येतं. आठ वर्षांच्या पोरीला वाचायला आवडतं, यात माझी काही तक्रार नाही. तक्रार अशी की, दुकानदार हाताला लागेल ते पाठवतो. पाठीवर कितवं ते नाही, आत कितवं ते नाही, नुसतं ‘नवे साहस’. मागच्या पुस्तकात जो बदक-आचारी नोकरी सोडून निघून गेला, तो या पुस्तकात मजेत सूप ढवळतो आहे. पोरगी दोन दिवस जेवली नाही. आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, हे कळल्याशिवाय पुढचं पान उलटणार नाही म्हणते.

इथे कुणाला विचारू? वाचनालयातल्या संगणकाच्या तारा उंदरांनी खाल्ल्या आणि सरपंच म्हणतो उंदीर बजेटमध्ये बसत नाहीत. गेर्गिनाकडे तो पडद्याचा फोन आहे, रविवारी त्यावरच बिल्याना आईशी बोलते, पण गेर्गिनाला काही विचारणं म्हणजे गावभर दवंडी. तुझ्याकडे घरी इंटरनेट आहे. तेवढा या पाणमांजराच्या पुस्तकांचा क्रम शोधून दे. फोन करू नकोस, कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि मी मारते शिव्या. पत्र मेतोदीच्या बसमध्ये दे, मी त्याला या पत्राबरोबर तुझ्यासाठी मिरचीच्या चटणीची बरणी दिली आहे. झाकण उघडलेलं दिसलं तर त्याने खाल्ली असं समज.

गुडघ्याचं विचारू नकोस. लोभ आहेच, चटणी संपल्यावरही राहू दे.

तुझी ताई,
स्टांका

*

प्लोवदिव,
१४ फेब्रुवारी

ती. स्टांकाताईस,
वेलिच्काचा साष्टांग नमस्कार वि. वि. बरणी मिळाली. झाकण उघडलेलं होतं.

ताई, तू मला कुठल्या उकिरड्यावर पाठवलंस? मला वाटलं, एक ओळ लिहायची, एक यादी मिळायची, चहा निवायच्या आत काम संपायचं. पहिलं पान उघडलं तर समोर एका माणसाचं नखाच्या बुरशीने पिवळं झालेलं बोट. अख्ख्या पडद्याएवढं! ते बंद करायची फुली शोधता शोधता सुजलेल्या पायांचे बूट उघडले. ते बूट आता मी कुठेही जाईन तिथे माझ्या मागे येतात, हवामान बघायला गेले तरी बूट. मग एका पानाने विचारलं की मी माणूस आहे कशावरून. सहासष्टाव्या वर्षी, छोट्या छोट्या चित्रांतले सिग्नलचे दिवे टिपून मी माणूस असल्याचं सिद्ध केलं, आणि आत काय निघालं सांगू? ‘ही मालिका कोणत्या क्रमाने वाचावी?’ असा ठसठशीत मथळा, खाली चार परिच्छेद पाल्हाळ, आणि शेवटी उत्तर, की पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करणे उत्तम. मला शिसारी आली. आपल्या बाबांच्या भाषेत सांगायचं तर, ज्याने हे लिहिलं त्याला कोंबड्यांनीही आपल्यात घेऊ नये. पण माणसाने लिहिलंच नसावं. यंत्राने लिहिलेलं, यंत्राने छापलेलं, आणि वाचायला मात्र माणूस आहे का ते तपासतात.

एका यादीत पुस्तकं बारा आहेत. दुसरीत एकोणीस. तिसरीने नाताळची विशेष पुस्तकंही आत कोंबली आहेत आणि ती कुठे बसवायची यावर खाली दोन बायका एकमेकींच्या आया काढतायत, लहान मुलांच्या पुस्तकावरून. चौथ्या ठिकाणी लिहिलं होतं की कप्तान पाचव्या पुस्तकात बुडून मरते. मी घाबरून आणखी शोधलं, तर तसं काहीच नाही, कुणीतरी मनचं ठोकून दिलंय. हे बिल्यानाच्या डोळ्यांसमोर आलं असतं तर?

बदकाचं तेवढं कळलं. आपल्या प्रकाशकाने चौथं पुस्तक आधी काढलं, कारण त्याचं मुखपृष्ठ चांगलं होतं. नंतर दुसरं, मग सातवं. ज्याला सात आकडे ओळीने लावता येत नाहीत तो पुस्तकं छापतो, आणि मी बेचाळीस वर्षं दातांच्या दवाखान्यात बसून कुणाचा नंबर कुणाच्या आधी लावला नाही. बदक पुढच्या पुस्तकात परत येतो, रुसवा काढून. तेवढं तिला सांग आणि जेवू घाल.

पण ताई, पोरीला क्रमाची एवढी घाई का? वाचते आहे तर वाचू दे की. कृपा असावी, आणि पुढची बरणी दोन पिशव्यांत बांधावी.

तुझी,
वेलिच्का

*

गोर्नो ब्रेस्तोवो,
१९ फेब्रुवारी

चि. वेलिच्का हिस, अनेक आशीर्वाद. बदक परत येणार म्हटल्यावर पोरीने दोन वाट्या राजम्याचं सूप प्यायलं. त्याबद्दल तुला पुण्य लागो.

घाई का, असं विचारलंस. मलाही परवाच कळलं. बिल्यानाने आईच्या सपाता पेटीतून काढल्या, झटकल्या आणि दाराशी ठेवल्या, टाचा भिंतीकडे, पुढचा भाग घराकडे, जशा पाहुण्यासाठी ठेवतात तशा. मी विचारलं, हे काय. तर म्हणाली, माझं एवढं पुस्तक झालं की एकच उरलं, मग आई येणार. जाताना राडोस्तिनाने तिला वचन दिलंय म्हणे, की ज्या दिवशी तू ब्रुनेलाचं शेवटचं पुस्तक वाचून मिटशील त्या दिवशी मी दारात असेन. आणि पोरीच्या पहिल्या पुस्तकाच्या मागे छापलंय की मालिका बारा पुस्तकांची. ती आता अकरावं वाचते आहे. उड्या मारून नाही वाचायचं, मधलं गाळायचं नाही, नाहीतर ते धरलं जाणार नाही, असा तिचा कायदा आहे. म्हणून क्रम.

दोन वर्षं ही पोरगी माझ्यापाशी आहे आणि हे मला ठाऊक नव्हतं. आपल्या मुलीचं वचन मला सपातांकडून कळतं. आणि काल दुकानातून पार्सल आलं. मी मनात मोजलं. तिच्याकडे नसलेली दोन पुस्तकं निघाली, म्हणजे ही तेरा झाली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. मी एक पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवलंय.

तेव्हा आता मला क्रम नको, वेलिच्का. शेवट शोध. एकूण किती, एवढंच सांग. खरं ते सांग, मी काय ते बघीन.

राग तुझ्यावर नाही, लोभही कमी झालेला नाही.

स्टांका

*

प्लोवदिव,
२३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.
हे पत्र बसून वाच.

शेवट शोधायला म्हणून मी त्या शोधायच्या पेटीत ‘मुलांची पुस्तकमालिका’ एवढं लिहायला लागले, तर खाली माझं यंत्र आपणहून जुनी ओळ पुढे करायला लागलं. पूर्वी कुणी त्यावर शोधलं असेल ते त्याच्या लक्षात राहतं. मी तर असलं कधी शोधलं नव्हतं. ती ओळ अशी होती: ‘सर्वात लांब मुलांची पुस्तकमालिका, अजून न संपलेली’.

माझ्याकडे संगणकाला हात लावणारं दुसरं कोण आहे? दोन वर्षांपूर्वी जर्मनीची बस पकडायच्या आदल्या संध्याकाळी राडोस्तिना माझ्याकडे उतरली होती. मी आत कोबीची भाजी करत होते, आणि ही बाहेरच्या खोलीत बसून काहीतरी टिपटिप करत होती. मला म्हणाली, मावशी, बिल्यानासाठी एक छानसं पुस्तक बघते आहे. मी किती कौतुक केलं तिचं.

त्या ओळीवर टिचकी मारली तर पहिलंच नाव ब्रुनेलाचं. मूळ प्रकाशकाच्या पानावर सगळं स्पष्ट आहे, तिथे बुरशी नाही, बूट नाहीत. एकतीस पुस्तकं झालीत. दर वसंतात एक, दर शरदात एक. ज्या बाईचं नाव वर असतं ती केव्हाच दमून बाजूला झाली, आता एक टोळकं बसून लिहितं. खाली मोठ्या अभिमानाने छापलंय की कप्तान समुद्राला कधीच पोचणार नाही, हीच या मालिकेची गंमत आहे.

ताई, मला नखाच्या बुरशीची किळस आली होती. ती काहीच नाही. आपल्याच घरातली पोर, माझ्याच खुर्चीत बसून, माझाच कोबी खाऊन, आपल्या लेकराला कधी न फिटणारं वचन देण्यासाठी बाजारातून लांबी मोजून आणते, याची जी किळस आली ती मला धुता येईना. आणि तिकडे ही करते काय, तर दुसऱ्याच्या आईला न्हाऊमाखू घालते.

पोरीला इतक्यात काही बोलू नकोस. आधी राडोस्तिनाला जाब विचारू. लोभ असू दे, आणि रक्तदाबाची गोळी घे.

वेलिच्का

*

गोर्नो ब्रेस्तोवो,
१ मार्च

चि. वेलिच्का हिस अनेक आशीर्वाद. मेतोदीकडे मार्चचा शकुनाचा लाल-पांढरा दोरा दिला आहे, मनगटाला बांध.

मी पोरीला सांगून टाकलं. तू नको म्हणालीस, मला माहीत आहे. पण तिने बारावं पुस्तक हातात घेतलं, आंघोळ केली, शाळेचा चांगला फ्रॉक घातला आणि वाचायला बसली. माझ्याच्याने ते बघवेना. डब्यामागचं तेरावं काढून तिच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, बाळ, ही नदी संपत नाही, लोक लिहीतच राहणार आहेत. ती ओळ मात्र सांगितली नाही. आईने मुद्दाम लांब शोधलं, हे मी मेले तरी सांगणार नाही.

रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. सपाता उचलून पलंगाखाली ठेवल्या. संध्याकाळी मला विचारलं की, कप्तान मेली तर पुढची पुस्तकं येतील का. मी बटाटे सोलत होते. म्हटलं, मेल्यावर कुणाची पुस्तकं येतात, मेलं की संपलं. मग विचारलं, आजोबा गेले तेव्हा ते गेल्याचं कळवायला तू फाटकावर लावलास तो कागद कुठे आहे. मी म्हटलं, चाळीस दिवसांचा, सहा महिन्यांचा आणि वर्षाचा, सगळे त्या कपाटात आहेत, काळी चौकट असलेले. कशाला हवेत म्हणून विचारायचं मला सुचलं नाही. मला वाटलं, पोरीला आजोबांची आठवण झाली.

रविवारी राडोस्तिना पडद्यावर आली तेव्हा बिल्याना आली नाही. मी एकटी गेले आणि मला ऐकू येत नाही त्याचा फायदा घेऊन तिला दोन गोष्टी सुनावल्या. ती काय म्हणाली ते मला कळलं नाही. तोंड हलत होतं.

कळावे. काय कळायचं ते.

स्टांका

*

प्लोवदिव,
६ मार्च, दुपार

ती. ताईस सा. न. वि. वि.
दुपारची बस सुटायच्या आत लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. आधी फाटकावर जाऊन बघ. तू मागच्या दाराने कोंबड्यांकडे जातेस आणि तशीच परत येतेस, तुला पत्ता नसणार.

सकाळी गेर्गिना दात काढायला शहरात निघाली. बसच्या खिडकीतून तुझ्या फाटकावर काळ्या चौकटीचा कागद दिसला. ही बया खाली उतरली नाही, चौकशी केली नाही. खिडकीतून फोटो काढला, गावाच्या फेसबुकवर टाकला, शेजारी एक मेणबत्ती काढली आणि फोन बंद करून दातांच्या डॉक्टरपुढे आ वासून बसली. तासाभरात जर्मनीहून राडोस्तिनाचा मला फोन. मावशी, आपल्या फाटकावर कागद कुणाचा, एवढंच परत परत.

फोन कानाला तसाच धरून मी संगणकावर तो फोटो उघडला, मोठा केला, आणखी मोठा केला. काळी चौकट, वर पानाची नक्षी, आणि जिथे फोटो लावतात तिथे रंगीत पेन्सिलीने काढलेलं, टोपी घातलेलं पाणमांजर.

ताई, मी सांगू शकले असते. तोंडात शब्द आला होता. पण ती ओळ मला आठवली, ‘अजून न संपलेली’, आणि मी म्हटलं, तू ये. एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर तो वाजत राहिला, मी त्यावर उशी ठेवली.

ती बसली असेल आता बसमध्ये. परवा पोचेल. मला जे बोलायचं ते बोल, पण चीजच्या बनित्सासाठी पीठ मळून ठेव.

वेलिच्का

*

गोर्नो ब्रेस्तोवो,
९ मार्च

वेलिच्का,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तरी गृहीत धर.

तुझं पत्र वाचून मी फाटकावर गेले. कागद आजोबांच्या कागदावरून अक्षरन् अक्षर उतरवलेला, फक्त नाव बदललेलं. लिहिलं होतं की आमची लाडकी कप्तान ब्रुनेला तेरा पुस्तकं प्रवास करून समुद्राला न पोचता आम्हाला सोडून गेली, आता आणखी पुस्तकं येणार नाहीत, शेवटचा निरोप याच फाटकाशी, शोकाकुल बिल्याना. काढायला गेले तर पोरीने हात धरला. म्हणाली, आजी, चाळीस दिवस काढायचा नसतो. तोवर गल्लीतल्या तीन म्हाताऱ्या मयताचे उकडलेले गहू घेऊन दारात. कुणासाठी आणलेत विचारलं, तर माझ्याकडे बघून क्रूस करायला लागल्या. जिवंत बाईसमोर! मी गहू ठेवून घेतले आणि त्यांना हाकललं.

काल राडोस्तिना आली. आठ मार्च, आयांचा दिवस, शाळेतून पोरांनी कागदी फुलं करून आणलेली. प्लोवदिवहून ती मेतोदीच्या बसमध्ये बसली. मेतोदीने तिला ओळखलं आणि बोलता बोलता म्हणाला की तुझी आई ठणठणीत आहे, परवाच चटणीवरून माझा उद्धार केला. त्याला वाटलं, खूश होईल. ती पांढरीफटक पडली. तुझ्या लक्षात येतंय का? आई जिवंत आहे आणि फाटकावर कागद आहे, तर मग घरात दुसरं कोण राहतं? पुढचं विचारायची तिची छाती झाली नाही. तो सगळा घाट ती तशीच चढून आली, वेलिच्का. मेतोदी म्हणतो, ही आरशात मला दिसत होती आणि हिचे ओठ हलत होते.

बस वळली तेव्हा बिल्याना फाटकाशी स्टुलावर उभी होती. वाऱ्याने कागदाचा कोपरा सुटला होता, तो चिकटवत होती. राडोस्तिना थांब्याच्या आधीच उतरली. तिने पोरीला कसं धरलं ते मी लिहीत नाही. पोरगी मात्र शांतपणे म्हणाली की, कप्तान संपली आणि तू बरोबर वेळेवर आलीस. मग आत जाऊन सपाता घेऊन आली. त्या तिला होईनात. दिवसभर उभं राहून राडोस्तिनाचे पाय सुजलेत. तुझ्या मागे लागलेले ते बूट तिला पाहिजे होते.

मी तिला ती ओळ विचारली, पोरगी शेजारी गेल्यावर. नाही म्हणाली नाही. म्हणाली, आई, पहिल्या वर्षी मला वाटलं होतं सहा महिन्यांत येईन. पुस्तक छोटं दिलं असतं तर ते संपून ती रोज दाराकडे बघत बसली असती. निदान वाचताना तरी नदीकडे बघेल. मला खूप रागवायचं होतं. पण सुजलेल्या पायांच्या माणसाला किती रागावणार?

तुला मात्र रागावते. दीड दिवस माझी मुलगी मला मेलेली समजून बसली होती, आणि दोन तास आपल्या लेकराला. हे तू केलंस, एका उशीने. त्या इंटरनेटवाल्यांना शिव्या घालतेस, त्यांनी निदान जाहिरातीसाठी खोटं सांगितलं. मला तुझी किळस आली, आणि ती घरात आहे, चुलीपाशी बसून बनित्सा खाते आहे, म्हणून तुझे आभारही मानावेसे वाटतात, त्याचीही किळस आली. दोन्ही घे.

राडोस्तिनाला मी सांगितलेलं नाही की तुला माहीत होतं. ते तू स्वतः सांग.

स्टांका

*

गोर्नो ब्रेस्तोवो,
१७ मार्च

ती. वेलिच्का आजीस,
बिल्यानाचा नमस्कार. हे पत्र मी एकटीने लिहिलं आहे, आजीने फक्त पाकीट चिकटवलं.

तू आली होतीस तेव्हा तू आणि आई कोंबड्यांच्या खोपटामागे का रडत होता ते मला कुणी सांगत नाही. आजी म्हणते, कांद्याने. तिथे कांदे नाहीत.

आई रविवारी परत जाणार. तिकडच्या म्हाताऱ्या बाईंना दुसरं माणूस मिळेपर्यंत तिला जावं लागेल. त्या बाईंना एकटीने उठता येत नाही, म्हणून मी त्यांच्यावर रागावले नाही. कप्तानचा कागद मी चाळीस दिवस ठेवणार आहे. गेर्गिनाकाकूने विचारलं की चौदावं पुस्तक आलं तर काय करशील. मी परत पाठवीन. मेलेल्याच्या नावाने पार्सल घेत नाहीत.

आईने पुन्हा वचन दिलं आहे, पुस्तक वाचून झालं की येईन असं. पण या वेळी पुस्तक मी निवडायचं असं ठरलंय, आईने मान्य केलं. म्हणून तुला काम आहे. आजी म्हणते, तुला इंटरनेटवर सगळं सापडतं आणि तू सिग्नलचे दिवे ओळखतेस. तर तू मला एक मालिका शोधून दे, जिच्यात एकच पुस्तक आहे. क्रम लागत नाही अशी. पातळ असलं तर फार बरं. मी भरभर वाचते.

बुरशीचं बोट आलं तर डोळे मीट. तुझा लोभ वाढू दे, पुस्तकं वाढू देऊ नकोस.

तुझी,
बिल्याना